जुन्या तारवाची डागडुजी : खर्च सार्थकीं लागतो काय ?

उमरीसारख्या गांवीं बसून जहाजांविषयीं लिहिणें कित्येकांस विनोदाचें वाटेल. येथून समुद्र शेंकडों मैल दूर. येथील मुलांनीं पाण्यावर चालणारें वाहन पाहिलें असेल तर तें गोदावरीच्या पात्रांतील एखादी होडी, आणि पूल झाल्यापासून तीहि दुर्मिळच. तरी जो प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों तो समुद्रकांठच्या लोकांचा आहे, आपला नव्हे, असें कोणीं समजूं नये. जुनी वस्तु मोडावी कीं दुरुस्त करावी हा वाद जेथें झाला नाहीं, असें एकत्र कुटुंब आमच्या पाहण्यांत नाहीं. वाड्याचें माळवद गळूं लागतें. वडील मंडळी म्हणतात, आजोबांच्या हातचा वाडा आहे, त्याला कुदळ लावूं नका. तरुण म्हणतात, या मातीवर दरसाल जो पैसा घातला त्यांत नवें घर उभें राहिलें असतें. दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें असतें, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. जहाजाच्या बाबतींत हाच वाद अधिक स्पष्ट होतो, कारण वाड्याला पडावयास जीं पन्नास वर्षें लागतात, तेंच काम समुद्राचें पाणी फार लवकर उरकतें.

प्रथम हा खर्च कशाचा असतो तें पाहूं. जहाजाची खरेदी ही खर्चाची केवळ सुरुवात आहे, हें ज्यांना ठाऊक नसतें तेच बहुधा जुनीं जहाजें विकत घेतात. आमच्या भगिनींना हें चटकन् पटेल. तांब्यापितळेचीं भांडीं एकदां घेतलीं कीं संपलें, असें होत नाहीं. कल्हईचा खर्च भांड्याच्या जन्मालाच चिकटलेला असतो. भांड्याची कल्हई चुकविली तर ताक कळकतें, जहाजाची चुकविली तर जहाज बुडतें, एवढाच काय तो फरक. हौशी नौकामालकांत एक ढोबळ हिशेब रूढ आहे : नौकेच्या किंमतीचा दहावा हिस्सा दरसाल तिच्या देखभालीस लागतो. म्हणजे दहा वर्षांत ती नौका पुन्हा एकदां विकत घेतल्यासारखीच झाली. आणि हा हिशेब बऱ्या स्थितींतील नौकेचा. ती म्हातारी झाली कीं दहाव्या हिश्शाचा पांचवा केव्हां होतो तें मालकास कळत नाहीं.

एखादी लांकडी यंत्रनौका घ्या. वरून रंग चकचकीत दिसतो, परंतु नाश खालीं आणि आंत चाललेला असतो. खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा एक मऊ अंगाचा प्राणी असतो. तो बारीकशा छिद्रानें आंत शिरतो आणि आंतल्या आंत बोगदे करीत वाढतो. फळी बाहेरून शाबूत दिसते, हातोडी मारली म्हणजे पोकळ बोलते. दुसरा शत्रु आपल्याला मित्र वाटणारा, म्हणजे पावसाचें गोडें पाणी. समुद्राच्या पाण्यानें लांकूड जितकें कुजत नाहीं, तितकें वरच्या तक्तपोशीच्या फटींतून झिरपून सांध्यांत सांचलेल्या पावसाच्या पाण्यानें कुजतें. कोंकणांतील कोळी पावसाळ्यापूर्वीं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवितात, लांकडास माशाचें तेल चोपडतात, तें उगीच नव्हे. पोलादी जहाजाला किडा लागत नाहीं, पण गंज लागतो, आणि मूळच्या पत्र्यापैकीं किती जाडी शिल्लक आहे हें आतां ध्वनिलहरींच्या उपकरणानें जागोजाग मोजून पाहावें लागतें. इंजिनाची गोष्ट निराळीच. ज्या कारखान्यानें तें घडविलें तो बहुधा केव्हांच बंद पडलेला. मग एकेक सुटा भाग लेथवर नव्यानें घडवून घ्यावयाचा, अथवा जुनें इंजिन काढून नवें बसवावयाचें. पहिला मार्ग महाग, आणि दुसऱ्यांत जुनेपणाची मौज गेली. अशा कामाचा पहिला अंदाज बहुधा खोटाच ठरतो, कारण एक कुजकी फळी काढल्यावांचून तिच्यामागची दिसत नाहीं.

मग असा खर्च कोणीं करावाच कां ? याचें उत्तर देणारें एक जहाज आपल्या मुंबईचें आहे, आणि तें मुंबईंत नाहीं. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं ब्रिटिश आरमारासाठीं बांधलेलें 'ट्रिंकोमली' हें तारूं १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. नेपोलियनशीं झालेल्या युद्धांमुळें इंग्लंडांत ओकच्या लांकडाचा तुटवडा पडला होता, म्हणून मलबारच्या सागवानाकडे आणि मुंबईच्या पारशी कारागिरांकडे आरमाराची दृष्टि वळली. जहाजाचा कणा बसवितांना पारशी रिवाजाप्रमाणें चांदीचा खिळा ठोकण्यांत आला होता. पुढें त्याच्या तोफा गेल्या, नांवहि बदललें, आणि १९८६ पर्यंत त्यावर मुलांना नौकानयनाचें शिक्षण देण्यांत येत असे. १९८७ सालीं तें इंग्लंडच्या उत्तर भागांतील हार्टलपूल येथें आणलें गेलें, आणि तेथील कारागिरांनीं दहाएक वर्षें खपून २००१ सालीं त्याचा जीर्णोद्धार पुरा केला. खर्च एक कोटी पौंडांहून अधिक. ब्रिटिश युद्धनौकांपैकीं आज पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ती हीच.

येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या जहाजाचें सुमारें दोन-तृतीयांश लांकूड अद्याप मूळचेंच आहे. सागवानांत नैसर्गिक तेल असतें. तें लांकडास कुजूं देत नाहीं आणि त्यांत ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांसहि गंजूं देत नाहीं. ओकमधील आम्ल लोखंड खातें, त्यामुळें ओकच्या जहाजांत लांकूड आणि खिळा एकमेकांचा नाश करितात. ज्यांच्या वाड्याचे खांब किनवटच्या जंगलांतील सागवानाचे आहेत, त्यांस हें नव्यानें सांगावयास नको; माळवद चारदां बदललें तरी खांब तसेच उभे असतात. आजीची गोधडी दर दोन वर्षांनीं ठिगळें लावून अखेर सगळीच नवी झाली, तर ती आजीची राहिली काय, अशी शंका जुन्या जहाजांविषयींहि नेहमीं विचारली जाते. 'ट्रिंकोमली'च्या बाबतींत ती विचारण्याचें कारण उरलें नाहीं. तिच्यावर घातलेला पैसा जुन्या वस्तूवरच घातला गेला, जुन्या वस्तूच्या नकलेवर नव्हे. हा खर्च आमच्या मतें पुरता सार्थकीं लागला.

दैवाचा खेळ असा कीं, मुंबईंत बांधलेलें जहाज इंग्लंडांत जपलें गेलें, आणि इंग्लंडांत बांधलेलें जहाज मुंबईंत मोडलें गेलें. 'विक्रांत'ची हकीकत वाचकांना ठाऊक आहेच, परंतु तिच्यांतील वर्षें मांडून पाहण्यासारखीं आहेत. १९४३ सालीं टाईन नदीकांठीं तिचें बांधकाम सुरू झालें, १९४५ सालीं ती पाण्यांत उतरली, पण युद्ध संपल्यामुळें अर्धवटच पडून राहिली. १९५७ सालीं भारतानें ती विकत घेतली, बेलफास्ट येथें ती पुरी झाली, आणि ४ मार्च १९६१ रोजीं श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितींत आपल्या आरमारांत दाखल झाली. १९७१ च्या युद्धांत तिच्या एका बॉयलरला चीर होती, पुरा वेग घेतां येत नव्हता; तशा स्थितींत तिच्यावरील विमानांनीं चितगांव आणि कॉक्स बझार येथें हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजीं ती निवृत्त झाली. पुढें तिच्यावर संग्रहालय उघडलें. मराठवाड्यांतून आगगाडीनें मुंबईस गेलेलीं कित्येक कुटुंबें तें पाहून आलीं असतील. २०१२ सालीं सुरक्षिततेच्या कारणास्तव तें बंद झालें. २०१४ च्या जानेवारींत सुमारें ६० कोटी रुपयांस तिचा लिलांव झाला, ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें तिला वांचविण्याचा अर्ज फेटाळला, आणि नोव्हेंबरांत दारूखान्यांत तिच्यावर घण पडला.

निवृत्तीपासून संग्रहालय बंद होईपर्यंत पंधरा वर्षें गेलीं. या काळांत योजना पुष्कळ झाल्या. जहाज मात्र पाण्यांतच राहिलें. आमचा आक्षेप मोडण्याला नाहीं, या पंधरा वर्षांना आहे. १९९७ सालीं जें काम जड पण शक्य होतें, तें २०१२ सालीं अशक्य झालें होतें, कारण मधल्या काळांत गंज कोणाच्या मंजुरीसाठीं थांबला नव्हता. सत्तर वर्षांचें पोलाद सांधण्यास लागणारा पैसा राज्य सरकारपाशीं नव्हता, हें खरें. पण म्हणून सारा दोष पैशावर टाकणें हें आम्हांस पटत नाहीं.

तिच्यामागून 'विराट'ची पाळी आली. फॉकलंडच्या युद्धांत ब्रिटिशांची मुख्य नौका असलेलें हें जहाज १९८७ सालीं आपलें झालें आणि ६ मार्च २०१७ रोजीं निवृत्त झालें. २०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें सिंधुदुर्गांतील निवतीजवळ तिचें संग्रहालय करण्याची ८५२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मंजुरी कागदावर राहिली. ३८ कोटी ५४ लाखांस विकली जाऊन २०२० च्या सप्टेंबरांत ती गुजराथेंत अलंगच्या किनाऱ्यास लागली. मोडीच्या किंमतीच्या बावीसपट खर्च करून ती राखावयाची होती, असा हा हिशेब. खरें सांगावयाचें तर हा आंकडा वाचून आम्हीहि क्षणभर तरुण पक्षाचे झालों.

परंतु सगळींच जहाजें एवढीं खर्चिक नसतात. विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून लोक पाहत आले आहेत. निवृत्त होऊन दीड वर्ष होतें न होतें तोंच ती पाण्याबाहेर ओढून वाळूवर बसविली गेली. लांबी 'विक्रांत'च्या निम्म्याहून कमी, आणि तळ कोरडा; नौकेचा मोठा शत्रु तेथेंच निम्मा संपला. इंग्लंडच्या राजघराण्याची 'ब्रिटानिया' ही तर खरीखुरी विहारनौका. एक कोटी सत्तर लक्ष पौंड घालून तिचें आयुष्य अवघें पांच वर्षें वाढेल असें दिसल्यावर १९९४ सालीं सरकारनें दुरुस्तीस नकार दिला, आणि १९९७ सालीं, 'विक्रांत'च्याच वर्षीं, ती निवृत्त झाली. पुढच्याच वर्षीं ती एडिंबरोजवळ लीथ येथें प्रेक्षकांसाठीं खुली झाली. आज तिचा खर्च प्रेक्षकांच्या पैशांतून चालतो. समुद्रांत चालविण्यासाठीं दुरुस्त करणें आणि पाहण्यासाठीं राखणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें तेथील लोकांनीं वेळींच ओळखलें.

खाजगी मनुष्यानें जुनी नौका घ्यावी काय, असें कोणी आम्हांस विचारील, तर आमचें उत्तर असें : ज्याला रंधा आणि पाना स्वतःच्या हातीं धरण्याची आवड आहे, ज्याच्या सुट्या त्यांतच जाव्या अशी त्याची इच्छा आहे, त्यानें खुशाल घ्यावी. खर्च वसूल होईल या आशेनें मात्र घेऊं नये. दुरुस्त केलेली नौका विकतांना दुरुस्तीचा खर्चहि क्वचितच निघतो. घेण्यापूर्वीं ती पाण्याबाहेर काढवून जाणत्या माणसाकडून तळाची फळी न् फळी ठोकून पाहावी. विकणारा यास नाखूष असेल तर तेवढ्यावरून काय तें समजावें. आणि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यानें हा पैसा आपल्या वांट्यांतून घालावा. हौस एका भावाची आणि तिजोरी सर्वांची, असा प्रकार झाला म्हणजे नौकेपूर्वीं घर गळूं लागतें.

२ सप्टेंबर २०२२ रोजीं कोचीन येथें नवी 'विक्रांत' आरमारांत दाखल झाली. जुन्या जहाजाचें कांहीं पोलाद एका कारखान्यानें मोटारसायकलींत वापरलें, आणि मुंबईंत आरमारी गोदीच्या लायन गेटजवळ त्याच्याच धातूचें एक स्मारक २०१६ सालीं उभें राहिलें. नवें जहाजहि कांहीं दशकांनीं म्हातारें होईल. त्या वेळीं तें मोडावयाचें कीं राखावयाचें, याचा हिशेब निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनीं मांडण्याऐवजीं निवृत्तीच्या आदल्या वर्षीं मांडला जावा, आणि राखावयाचें ठरल्यास कोरड्या जागेची तरतूद त्याच वेळीं व्हावी, एवढीच आमची सूचना आहे.