पडद्यावरची धावपट्टी

इंदूरच्या विमानतळावर मध्यप्रदेश फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांतून अनेकांनी उड्डाणाचे पहिले धडे गिरविले. मोठ्या प्रवासी विमानाचे धडे मात्र जमिनीवरच, सिम्युलेटरमध्ये घेतले जातात. तेथे कॉकपिट हुबेहूब असते. धावपट्टी तेवढी पडद्यावरची!

वास्तविक पडद्यावर काहीच हलत नसते. सेकंदाला 60 स्थिर चित्रे एकामागून एक दाखविली जातात. चित्रपटात ती 24 असतात. पण प्रोजेक्टरची झडप प्रत्येक चित्र निदान दोनदा उजळविते, म्हणून लुकलुक फारशी जाणवत नाही. 'दृष्टिसातत्य' हा शब्द आपण शाळेत पाठ केलेला असतो. तेवढ्याने मात्र भागत नाही. लुकलुक न जाणवणे निराळे, आणि गती स्वच्छ दिसणे निराळे.

जुन्या पिक्चर ट्यूबवर प्रत्येक बिंदू क्षणभर चमकून विझे. गती रेखीव दिसे, पण चित्र उजळ केले की लुकलुक खुपे, विशेषतः नजरेच्या कडेला. आजच्या एलसीडी पडद्यावर पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे तसेच थांबून राहते. डोळा मात्र थांबत नाही. धावपट्टीच्या दिव्यामागे तो अखंड सरकत असतो. समजा, विमान वळताना दृश्य सेकंदाला 30 अंश सरकते आहे. 1/60 सेकंदात डोळा अर्धा अंश पुढे जातो, चित्र जागच्या जागी! अर्धा अंश म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी. तेवढा तो दिवा फराटल्यासारखा दिसतो. निरोगी डोळा तर याच्या तिसाव्या हिश्श्याएवढा बारकावा ओळखतो. (मोबाइलवर एखादी यादी भराभर सरकवून अक्षरे वाचून पाहावीत.) सेकंदाला 120 चित्रे दाखविल्यास फराटा निम्मा होतो. पण संगणकानेही तितकीच नवी चित्रे काढली पाहिजेत. त्याने निम्मीच काढली, तर एका दिव्याचे दोन दिसतात.

हे सारे महत्त्वाचे ठरते ते विमान उतरताना. अखेरच्या काही मीटरांत धावपट्टीच्या खुणा कशा पसरतात, कडेची जमीन किती वेगाने वाहते, यावरून वैमानिक उंची जोखतो. तीच जमीन पुसट झाली, तर विमानाचे नाक केव्हा उचलावे हे नजरेला उमगत नाही; मग तो आकड्यांवर विसंबून उतरायला शिकतो. आणि आजच्या नियमांनुसार अनुभवी वैमानिक एखादे नवे विमान प्रथमच प्रत्यक्ष चालवितो, तेव्हा शेजारी प्रशिक्षक असला तरी मागे प्रवासी बसलेले असू शकतात.

दोन चित्रांमध्ये क्षणभर अंधार करणे, हा एक उपाय आहे. त्याने फराटा कमी होतो खरा. पण उजेडही घटतो आणि ती जुनी लुकलुक पुन्हा डोके वर काढते.