डीडब्ल्यूसी पाइपची जोडणी: पैसा पाइपात नाही, जॉइंटमध्ये आहे



तुमच्या गावात, नाहीतर शेजारच्या नवीन लेआउटमध्ये रस्त्याच्या कडेला काळ्या रंगाचे, बाहेरून वळ्यावळ्यांचे जाड पाइप रचून ठेवलेले तुम्ही नक्की पाहिले असतील. बाहेरून खाचा, आतून एकदम गुळगुळीत. हेच डीडब्ल्यूसी पाइप, म्हणजे दुहेरी भिंतीचे नालीदार प्लास्टिक पाइप. सांडपाण्याची लाइन, पावसाच्या पाण्याची गटारं, सोसायटीचं ड्रेनेज, अशा अनेक ठिकाणी आता सिमेंटच्या पाइपाऐवजी हेच येतात.

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, या पाइपची एजन्सी घ्यायची आहे, किती भांडवल लागेल?" माझं म्हणणं असं आहे की एजन्सीच्या आधी जोडणी शिका. विकणारे बरेच आहेत. लाइन टाकून, पाणी भरून, "साहेब, बघा, गळत नाही" असं छातीठोकपणे दाखवणारे फार थोडे आहेत. धंद्यातली जागा तिथेच रिकामी आहे.

आधी हिशोब बघा

सिमेंटचा पाइप साधारण अडीच मीटरचा येतो. डीडब्ल्यूसी पाइप सहा मीटरचा मिळतो. म्हणजे ३०० मीटरच्या लाइनला सिमेंटचे १२० पाइप लागतील, तर हे फक्त ५०. वजन कमी असल्याने लहान व्यासाचा पाइप दोन माणसं उचलून चरीत ठेवतात. म्हणून छोटी टीम हे काम करू शकते.

आता समजा, तुम्हाला ३०० मीटरचं काम मीटरला १२० रुपये मजुरीने मिळालं. (हे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या तालुक्याचे तुम्ही टाका.) बिल झालं ३६,००० रुपये. चार माणसं, पाच दिवस, रोज ८०० रुपये, म्हणजे १६,००० मजुरी. येणं-जाणं आणि किरकोळ सामान ४,०००. हातात राहिले १६,०००.

बुजवल्यानंतर एक जॉइंट गळला, तर काय होतं? चार तास जेसीबी, तासाला १,२०० प्रमाणे ४,८००. चार माणसांचा एक दिवस ३,२००. नवीन रिंग, कपलर, मुरूम मिळून २,०००. गेले १०,००० रुपये! १६,००० तले उरले ६,०००. दोन जॉइंट गळले तर तुम्ही पदरचे पैसे घालून काम केलं. त्यात ठेकेदाराने अनामत अडकवून ठेवली असेल, तर ती वेगळीच.

म्हणजे ५० पाइपांच्या लाइनमध्ये तुमचा नफा दोन जॉइंटवर लटकलेला आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

हा जॉइंट चिकटवायचा नसतो

नवीन माणूस पहिली चूक इथे करतो. घरात पीव्हीसी पाइपला सोल्यूशन लावून जोडायची सवय असते. पीव्हीसीत ते सोल्यूशन पाइपचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन्ही भाग एकजीव होतात. डीडब्ल्यूसी पाइप बहुतेक वेळा एचडीपीईचा असतो. ते सोल्यूशन त्याला विरघळवू शकत नाही. एम-सील नीट धरत नाही, सिमेंटही धरत नाही. लावल्यावर दोन दिवस बरं दिसतं, मग सुटून येतं.

इथे सगळं काम रबर रिंग करते. पाइपच्या साध्या टोकाकडच्या खाचेत रिंग बसते आणि ते टोक दुसऱ्या पाइपच्या सॉकेटमध्ये किंवा कपलरमध्ये दाबून सरकवायचं असतं. रिंग सगळीकडून सारखी दाबली गेली की पाणी अडतं. कुठे वळली, कुठे खडा अडकला, कुठे कमी दाबली गेली, तर तिथून पाणी वाट काढणारच.

माल घेतानाच बघायच्या गोष्टी

पहिलं म्हणजे मानक. सांडपाण्याच्या पाइपवर आयएस १६०९८ भाग २ छापलेलं असतं. केबल टाकायच्या डक्टचं मानक वेगळं आहे. दिसायला सारखा म्हणून तो ड्रेनेजला घेऊ नका. रबर रिंगसाठी आयएस ५३८२ हे मानक आहे.

दुसरं, एसएन. पाइपवर एसएन ४, एसएन ८ असं लिहिलेलं असतं. वरच्या ओझ्याने पाइप किती दबतो, त्याचं हे माप. आकडा मोठा तेवढा पाइप कडक. टेंडरमध्ये एसएन ८ असेल, तर स्वस्त मिळाला म्हणून एसएन ४ टाकायचा नाही. दबून अंडाकृती झालेल्या पाइपचा जॉइंट रिंग कितीही चांगली असली तरी सांभाळत नाही.

तिसरं आणि सगळ्यात फसवं म्हणजे व्यास. काही पाइप आतल्या मापाने विकतात, काही बाहेरच्या. दोघंही "२५० चा पाइप" म्हणतात! त्यात प्रत्येक कंपनीची खाचेची नक्षी वेगळी असते. म्हणून पाइप, रिंग आणि कपलर एकाच कंपनीचे घ्या. ऑर्डर देताना "आतला व्यास की बाहेरचा" हे लिहून घ्या, फोनवर नको.

जोडणी: पायरी पायरीने

काम नेहमी उताराच्या खालच्या टोकाकडून सुरू करायचं आणि वर जायचं. सॉकेटचं तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येतं त्या दिशेला. उतार दोरीने किंवा लेव्हलने तपासा. शंभराला एक उतार असेल तर सहा मीटरच्या एका पाइपला सहा सेंटिमीटर पडतात. डोळ्याच्या अंदाजाने हे जमत नाही.

१. चरीचा तळ सपाट करून वाळू किंवा बारीक खडीची गादी द्या. जिथे सॉकेट येणार तिथे गादीत थोडा खळगा करा. नाहीतर पाइपचा सगळा भार सॉकेटवर येतो.

२. पाइप कापायचा असेल तर दोन वळ्यांच्या मधल्या खाचेत कापा. वळीवर कापलात तर पोकळी उघडी पडते आणि त्यातून पाणी शिरतं. काप काटकोनात हवा. कापलेली कड घासून साफ करा.

३. साधं टोक आणि सॉकेटची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा. वाळूचा एक कण रिंगखाली राहिला तरी तिथे गळतीची वाट तयार होते.

४. रिंग कितव्या खाचेत बसवायची ते कंपनीच्या पत्रकात असतं, तसंच करा. रिंगला दिशा असेल तर तीही बघा. बसवल्यावर रिंगखाली एक गुळगुळीत दांडी घालून पूर्ण गोल फिरवा, म्हणजे ताण सगळीकडे सारखा होतो. नंतर बोट फिरवून पीळ नाही ना ते तपासा.

५. टोक सॉकेटमध्ये किती आत जायला हवं ते मोजून त्यावर मार्करने रेघ मारा. दोन मिनिटांचं काम, पण जॉइंट पूर्ण बसला की नाही हे नंतर हीच रेघ सांगते.

६. कंपनीचं वंगण किंवा साबणाचं पाणी रिंगच्या वरच्या बाजूला आणि सॉकेटच्या आत लावा. रिंगच्या खाली, खाचेत लावू नका. तिथे बुळबुळीत झालं की रिंग निसटते. ग्रीस, ऑइल, डिझेल तर अजिबात नको. ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं आणि खराब होतं.

७. दोन्ही पाइप एका रेषेत आणा आणि सरळ दाबा. लहान पाइपला मागच्या टोकाशी लाकडी ठोकळा आडवा धरून पहारीने रेटा. मोठ्याला पट्टा आणि चेन पुली. जेसीबीचा बकेट थेट पाइपला लावून ढकलायचं नाही. टोक चिरतं, रिंग उलटते आणि चरीतल्या माणसाच्या जिवावर बेततं.

८. रेघ सॉकेटच्या काठाशी आली का बघा. आली नाही तर जोरात ठोकू नका. जॉइंट बाहेर काढा, रिंग तपासा, पुसा आणि पुन्हा बसवा. रिंग कापली गेली असेल तर नवीन घ्या.

एक गोष्ट उन्हाळ्यात विशेष लक्षात ठेवा. हे प्लास्टिक उन्हाने चांगलंच लांबतं. सहा मीटरच्या पाइपचं तापमान २५ अंशांनी उतरलं, तर तो साधारण दोन-तीन सेंटिमीटर आखडतो. दुपारी दोनला तापलेला पाइप जोडून लगेच बुजवला, तर तो जमिनीत गार होताना जॉइंटमधून मागे सरकू बघतो. म्हणून पाइप चरीत ठेवून थोडा गार होऊ द्या. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात जोडणीचं काम सकाळीच उरका.

चेंबरचा जोड विसरू नका

पाइप-पाइपचा जॉइंट सगळे सांभाळतात, आणि गळती निघते चेंबरजवळ. कारण काँक्रीट प्लास्टिकला चिकटत नाही, नुसतं भोवती बसतं. म्हणून पाइप चेंबरच्या भिंतीतून जातो तिथे खाचेत रबर रिंग बसवून मग भोवती न आकसणारा ग्राउट भरा. बाजारात पाण्याने फुगणारी पट्टीही मिळते. इथे पाच मिनिटं जास्त घालवा.

बुजवण्याआधी पाणी भरा

पाइपच्या मधल्या भागावर माती टाका, म्हणजे तो हलणार नाही. जॉइंट मात्र उघडे ठेवा. खालचं टोक टेस्ट प्लगने बंद करा, वरच्या चेंबरमधून पाणी भरा आणि तासभर तसंच ठेवा. मग पातळी भरून घ्या आणि पुढच्या अर्ध्या तासात किती पाणी पुन्हा घालावं लागलं ते मोजा.

किती चालतं? तुमच्या टेंडरमध्ये लिहिलेलं असेल ते अंतिम. अंदाज यावा म्हणून युरोपातलं ईएन १६१० हे मानक सांगतो. त्यात अर्ध्या तासात पाइपच्या आतल्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ०.१५ लिटरपर्यंत पाणी घालावं लागलं तर चालतं. पाण्याचा दाब पाइपच्या माथ्यावर किमान एक मीटर उंचीइतका असावा लागतो, जास्तीत जास्त पाच मीटर. आत २५० मिलिमीटर व्यास असलेल्या ३० मीटर लाइनचा आतला पृष्ठभाग होतो साधारण साडेतेवीस चौरस मीटर. म्हणजे मर्यादा साडेतीन लिटर. लिटरच्या बाटल्यांनी मोजता येईल इतकं सोपं!

प्लगला मात्र हलक्यात घेऊ नका. ३०० मिलिमीटर पाइपच्या टोकावर तीन मीटर पाणी असेल तर प्लगवर दोनशे किलोंपेक्षा जास्त रेटा येतो. प्लगला मागून टेका द्या आणि त्याच्यासमोर कुणालाही उभं करू नका.

चाचणीचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. तारीख, चेंबर नंबर, घातलेलं पाणी एका वहीत लिहा, साइट इंजिनिअरची सही घ्या. वर्षभराने "तुमची लाइन गळते" असा फोन आला, तर ही वही तुमची वकील आहे.

मग बुजवणी. पाइपच्या दोन्ही कुशीत आधी हाताने भर ठासून घ्या. साधारण १५ सेंटिमीटरचे थर, दोन्ही बाजूंना सारखे. पाइपच्या वर ३० सेंटिमीटर भर होईपर्यंत मशीन चालवू नका. आणि पावसाळ्यात अर्धवट लाइन उघडी ठेवून घरी जाऊ नका. चरीत पाणी भरलं की रिकामा पाइप तरंगतो, आणि सगळे जॉइंट पुन्हा पहिल्यापासून.

माणूस आधी

दीड मीटरपेक्षा खोल चरीला फळ्यांचा आधार द्या किंवा कडा उताराच्या ठेवा. काढलेली माती काठावर रचू नका. चालू गटाराला लाइन जोडायची असेल तर चेंबरमध्ये माणूस तसाच उतरवायचा नाही. आतला वायू काही क्षणांत जीव घेतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटार साफ करायला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. असं काम आलं तर नगरपालिकेकडून प्रवाह बंद करून मागा, गॅस तपासून मागा. नाही मिळालं तर काम सोडा.

दर मागताना

मित्रांनो, इतरांसारखा नुसता मीटरचा दर सांगू नका. तीन ओळींचं कोटेशन द्या: जोडणीचा दर, चेंबर जोडाचा दर, आणि पाणी चाचणी व नोंद यांचा दर. दुसरा कुणी मीटरमागे दहा रुपये कमी सांगेल. त्याला चाचणीबद्दल विचारा, असं ठेकेदाराला सुचवा. बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

आता या आठवड्याचं काम. जवळच्या डीलरकडे जा, त्याच्याकडे पाइपचे तुटके तुकडे पडलेले असतात. दोन तुकडे, एक कपलर, दोन रिंगा घ्या. अंगणात दहा वेळा जोडा आणि दहा वेळा सोडवा. एकदा मुद्दाम वाळू टाकून जोडा, एकदा रिंग पिळून जोडा, पाणी भरा आणि कुठून येतं ते डोळ्यांनी बघा. तेवढं झालं की मगच पहिलं कोटेशन लिहा.

काही अडलं तर कमेंटमध्ये पाइपचा व्यास आणि कंपनीचं पत्रक यासह विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, कमवत राहा!