टोपलीखालचा उंच गडी

तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा असेलच. वयाच्या मानाने ताडासारखा वाढलेला, डोळ्यांवर जाड चष्मा, चालताना बाकाला अडखळणारा. खेळाच्या तासाला त्याला कोणी आपल्या बाजूला घेत नाही. अमेरिकेतला जॉर्ज मायकन असाच होता.

१९२४ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी तो जन्मला. १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात आला, तेव्हा अंगात चपळाई म्हणून नव्हती. पुढे त्याची उंची भरली सहा फूट दहा इंच! बास्केटबॉलला एवढा उंच गडी निरुपयोगी, अशी तेव्हा समजूत. पण रे मायर या अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाने त्याला हाती धरले. दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्ध, एवढेच काय, नाचाचे धडेसुद्धा दिले. टोपलीखाली उभे राहायचे आणि एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकायचा. पुन्हापुन्हा, न कंटाळता. हा सराव आजही मायकनच्याच नावाने ओळखला जातो.

मग काय झाले पाहा! दहा फुटांवरच्या टोपलीत पडणारा चेंडू तो वरच्या वर झटकून देई. शेवटी १९४४ मध्ये, खाली येणारा चेंडू असा अडवायचा नाही, असा कॉलेजच्या खेळात नियम झाला. १९४७ मध्ये तो मिनियापोलिसच्या लेकर्स या धंदेवाईक संघात गेला. तेथे त्याला रोखण्यासाठी १९५१ मध्ये टोपलीसमोरचा पट्टा सहा फुटांचा बारा फूट रुंद केला, कारण चढाई करणाऱ्या गड्याला त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नसे. तरी १९४९ ते १९५४ या काळात त्याच्या संघाने पाच अजिंक्यपदे मिळवली.

२२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने तर चेंडू नुसता धरूनच ठेवला. मायकनच्या हाती तो लागू नये, एवढाच हेतू! सामना संपला १९ विरुद्ध १८ गुणांवर. लेकर्स हरले, पण त्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे होते. असला रटाळ खेळ कोण पाहणार? म्हणून १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत चेंडू टोपलीकडे टाकलाच पाहिजे, असे ठरले.

उतारवयात मधुमेहाने त्याचा एक पाय गेला. तशाही स्थितीत जुन्या खेळाडूंना पुरेसे निवृत्तिवेतन मिळावे म्हणून तो झगडत राहिला. १ जून २००५ रोजी तो वारला.

गुरुजी, उद्या मैदानावर गडी वाटून घेताना कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या उंच पोराकडे एकदा पाहा. त्याच्या हाती चेंडू द्या. आणि मायरसारखा थोडा धीर धरा.