दप्तर, यंत्र आणि कैफियत

मोठ्या संस्थेत निर्णय घेणारा आणि त्या निर्णयाचे बरेवाईट फळ भोगणारा यांची गाठ सहसा पडत नाही. एका टोकाला शाखेतला कारकून किंवा दुकानाची व्यवस्थापिका, दुसऱ्या टोकाला संचालक मंडळ, आणि मधल्या अवकाशात पसरलेले दप्तर, म्हणजे नोंदवह्या, तक्ते, ताळेबंद, टिपणे आणि त्यांवरचे शेरे, अशी ही रचना सावकारी पेढीपासून सरकारी खात्यापर्यंत सर्वत्र आढळते. वरिष्ठांना आपल्या संस्थेची जी स्थिती कळते ती दप्तरातूनच कळते. म्हणून दप्तर कोण लिहितो, ते किती ताजे असते, आणि त्यात चूक आढळल्यास ती दुरुस्त करवून घेण्याचा अधिकार कोणाला असतो, या तीन गोष्टींवर कारभाराची प्रत अवलंबून राहत आली आहे. संगणकाने आणि त्याच्या मागोमाग आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने पहिल्या दोन गोष्टी पार पालटून टाकल्या. तिसरीचा निकाल मात्र माणसांनाच लावावा लागतो, आणि तो त्यांनी कसा लावला यावर यंत्र संस्थेला साहाय्यक होते की घातक, हे ठरते.

निर्णय म्हणजे वरिष्ठाच्या मनात एका क्षणी होणारा साक्षात्कार, ही समजूत मोडून काढणाऱ्यांत अमेरिकेचे हर्बर्ट सायमन अग्रगण्य होत. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत वावरणारा जो सर्वज्ञ पुरुष सारे पर्याय तोलून त्यांतला सर्वोत्तम निवडतो, तो प्रत्यक्ष कचेरीत कोठेही भेटत नाही. तेथे भेटतो तो अपुरा वेळ, अपुरी माहिती आणि मर्यादित अवधान घेऊन बसलेला अधिकारी, जो पुरेसा बरा पर्याय हाती लागताच शोध थांबवितो, हे सायमन यांच्या प्रतिपादनाचे सार. त्याची बैठक त्यांनी १९४७ साली ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेविअर’ या ग्रंथात घातली. पुढे त्यांनी निर्णयाचे तीन टप्पे सांगितले : प्रश्न कोठे उभा राहत आहे याची टेहळणी, पर्यायांची जुळणी आणि त्यांतून निवड. मानवी बुद्धीच्या मर्यादा इतक्या रोखठोकपणे मांडणारा हा पंडितच १९५५-५६ च्या सुमारास ॲलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ यांच्या साहाय्याने तर्कशास्त्रातील सिद्धांत सिद्ध करणारी संगणकीय आज्ञावली रचतो, आणि १९७८ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी होतो, यात विसंगती नाही. अवधान अपुरे असेल तर त्याला जोड हवी, आणि ती यंत्राने द्यावी, असा तो सरळ विचार होता.

ही जोड कोठे द्यावी याचे विवेचन १९७१ साली गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी केले. काही निर्णय पूर्णपणे नियमबद्ध असतात : गुदामातला माल ठराविक पातळीखाली गेला की नवी मागणी नोंदवायची. काही निर्णयांना नियमच नसतो : नव्या धंद्यात उतरावे की नाही, हे कोणतेही कोष्टक सांगणार नाही. या दोहोंच्या मधला जो प्रदेश, जेथे आकडेमोड यंत्राने करावी आणि तारतम्य माणसाने वापरावे, तेथेच यंत्राचे साहाय्य सर्वांत फलदायी ठरते. ‘डिसिजन सपोर्ट सिस्टिम’ म्हणून व्यवस्थापनशास्त्रात जी विद्याशाखा पुढे वाढली, तिचे क्षेत्र हेच.

परंतु शास्त्र तयार होण्यापूर्वीच व्यवहार सुरू झाला होता, आणि तोही चहाच्या दुकानांत. लंडनची जे. लायन्स ही कंपनी शेकडो चहागृहांचा पसारा सांभाळीत होती. पावाचा, केकचा, चहाचा हा धंदा अत्यल्प नफ्याच्या असंख्य व्यवहारांवर चाललेला, आणि त्यांच्या हिशेबासाठी कारकुनांची फौज पोसावी लागे. कंपनीतल्या जॉन सिमन्स या केंब्रिजच्या गणितज्ञाने कचेरीच्या कामाच्या सुधारणेचाच ध्यास घेतला होता. १९४७ साली कंपनीने आपले दोन अधिकारी अमेरिकेत पाठविले. तेथे त्यांना कळले की ज्याच्या शोधात आपण आलो ते यंत्र आपल्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स बांधीत आहेत. लायन्सने विल्क्सना पैशाची मदत केली, त्यांच्या यंत्राचा नमुना पुढे ठेवून स्वतःचे यंत्र बांधले, आणि ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’ या नावातून त्याला ‘लिओ’ म्हणू लागले. १९५१ च्या नोव्हेंबरात या यंत्राने बेकरीच्या उत्पादनाचे साप्ताहिक मूल्यांकन नियमितपणे करण्यास आरंभ केला. धंद्याचे नित्याचे काम संगणकाने करण्याचा जगातला हा पहिला प्रसंग मानला जातो. ज्या एका नोकराच्या पगाराचा हिशेब करायला अनुभवी कारकुनास ८ मिनिटे लागत, तो लिओ दीड सेकंदात करी.

वेगाची ही कथा मनोरंजक खरी. पण त्याहून बोधप्रद आहे ती १९५४ साली सुरू झालेल्या चहागृहांच्या मागणीची व्यवस्था. प्रत्येक चहागृहाला आठवड्यातल्या कोणत्या वारी काय लागते याची कायम मागणी यंत्राजवळ नोंदलेली असे. व्यवस्थापिकेला रोजच्या रोज सारी यादी भरण्याचे कारण उरले नाही. ठरल्या वेळी तिला मुख्य कचेरीशी दूरध्वनीवर बोलता येई, आणि त्या वेळी कायम मागणीत जो काही फरक करायचा असेल तेवढाच तिने सांगायचा; ऐकणारी कर्मचारी तो तेथल्या तेथे कार्डावर छिद्रांच्या रूपाने उतरवी, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीचे उत्पादन, बांधणी आणि रवानगी यांचे हुकूम यंत्र काढी. शेजारच्या मैदानावर उद्या जत्रा आहे किंवा समोरचा रस्ता खणून ठेवला आहे, हे यंत्राला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. ते जिला ठाऊक असे तिचा शब्द यंत्राच्या अनुमानावर चढता ठेवण्यात आला होता. नेहमीचे यंत्राने स्मरावे, वेगळे ते माणसाने सांगावे, या श्रमविभागणीइतकी निर्णयसाहाय्याची सुबोध व्याख्या शोधूनही सापडणार नाही.

लिओचा वंश पुढे वाढला. त्याची स्वतंत्र कंपनी झाली, ती १९६३ साली इंग्लिश इलेक्ट्रिकशी जोडली गेली, १९६८ साली आयसीएल या राष्ट्रीय संगणक कंपनीत विलीन झाली, आणि १९९० साली आयसीएलची बहुतांश मालकी जपानच्या फुजित्सूकडे गेली. ब्रिटिश पोस्ट ऑफिसासाठी ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली जिने तयार केली ती हीच आयसीएल, आणि १९९९ पासून देशभरच्या टपाल कचेऱ्यांत जी बसविली गेली ती हीच प्रणाली. होरायझनला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणता येणार नाही. ती रोजचा जमाखर्च ठेवणारी प्रणाली होती. पण तिच्या पडद्यावर तूट दिसली की ती तूट खरी मानायची, आणि करारानुसार ती शाखा चालविणाऱ्या उपपोस्टमास्तरने भरून द्यायची, असा प्रघात पडल्यामुळे साध्या हिशेबयंत्राच्या हाती न्यायाधीशाची सत्ता आली. प्रणालीत दोष होते; एकच रक्कम दोनदा जमेस धरली जाण्यासारखे प्रकार घडत; इतकेच नव्हे, तर फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना दूर बसून, उपपोस्टमास्तरच्या नकळत, शाखेच्या हिशेबात फेरफार करता येत होता. तक्रार करणाऱ्या अनेकांना मात्र मदतकेंद्रातून सांगण्यात येई की अशी अडचण येणारे तुम्ही एकटेच. त्यात भर म्हणून, संगणकाचा पुरावा न्यायालयात मांडण्यापूर्वी तो संगणक नीट चालत होता हे सिद्ध करण्याची जी अट १९८४ च्या इंग्लिश कायद्यात होती, ती नेमक्या याच सुमारास, १९९९ च्या कायद्याने, रद्द झाली. यंत्र बरोबर असल्याचे गृहीत धरले गेले आणि ते चुकले हे दाखविण्याचा बोजा अशा माणसावर पडला, ज्याला यंत्राच्या आतले दप्तर पाहण्याची मुभाच नव्हती.

परिणाम सर्वश्रुत आहे. चोरी, अफरातफर आणि खोटे हिशेब या आरोपांखाली ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कित्येकांना तुरुंग पाहावा लागला, कित्येकांनी घरे विकून न झालेली तूट भरली. वेल्समधील उपपोस्टमास्तर ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी दावा लावला, आणि १९९९ साली बसविलेल्या प्रणालीचे दोष उच्च न्यायालयाने मान्य करण्यास २०१९ चा डिसेंबर उजाडला. अखेर २०२४ साली संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. एकाच वंशातल्या या दोन प्रणालींत अंतर तांत्रिक प्रगतीचे नव्हते. त्या दृष्टीने लिओ बिचारे फार मागासलेले. लायन्सच्या व्यवस्थेत दुकानातल्या स्त्रीचा शब्द यंत्रापर्यंत पोहोचत होता, आणि पोस्टाच्या व्यवस्थेत खिडकीमागच्या माणसाची कैफियत कोणापर्यंतच पोहोचत नव्हती, हे ते अंतर.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा प्रश्न अधिक बिकट होतो. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली ‘मायसिन’ ही प्रणाली रक्तातील जंतुसंसर्गावर औषध सुचवी, आणि ‘असे का?’ विचारल्यास कोणत्या नियमावरून आपण येथवर आलो हे सांगे, कारण तिच्यातले शेकडो नियम तज्ज्ञांना विचारून माणसांनीच लिहिलेले होते. आजची प्रणाली नियम शिकते ते जुन्या लाखो नोंदींतून, आणि तिच्यात ते नियम वाक्यरूपाने राहत नाहीत. असंख्य गुणकांच्या जाळ्यात ते विखुरलेले असतात. शिवाय जुन्या दप्तरातले पूर्वग्रह ती निमूटपणे वारशाने घेते. नेदरलँड्सच्या करखात्याने बालसंगोपनाच्या अनुदानातील गैरप्रकार हुडकण्यासाठी वापरलेल्या यंत्रणेत अर्जदाराचे नागरिकत्व हाही जोखमीचा एक निकष होता. क्षुल्लक त्रुटींसाठी हजारो कुटुंबांकडून कित्येक वर्षांचे अनुदान परत मागण्यात आले, आणि या प्रकरणाची जबाबदारी स्वीकारून जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

यावर ‘शेवटी माणूस पाहतोच’ असे उत्तर सर्रास दिले जाते. ते उत्तर तपासून घेतले पाहिजे. यंत्राच्या शिफारशीला मान डोलावणाऱ्या अधिकाऱ्याला कधी खुलासा द्यावा लागत नाही. तिच्याविरुद्ध जाणाऱ्याला मात्र लेखी कारणे द्यावी लागतात, आणि पुढे काही बिघडले तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी येतो. अशा कचेरीत माणसाची तपासणी हळूहळू शिक्क्यापुरती उरते. भाषा लिहिणाऱ्या नव्या प्रणाली आता टिपणेही तयार करून देतात, आणि चुकीचे विधानही त्या बरोबर विधानाइतक्याच डौलाने लिहितात. तेव्हा टिपणातल्या प्रत्येक आकड्याची मूळ कागदाशी रुजुवात घालण्याचे काम पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवे.

दुरुस्तीचा अधिकार कायद्याने देता येतो याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. बँकेत कर्जाचा अर्ज आला की ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा पतगुणांक पाहिला जातो, आणि अर्जाचे भवितव्य पुष्कळदा तेथेच ठरते. परंतु पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ चा कायदा आहे. ग्राहकाला वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागता येतो, त्यातल्या चुकीच्या नोंदीविरुद्ध तक्रार करता येते, आणि ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. रक्कम लहान आहे. तत्त्व मोठे आहे. चूक दुरुस्त न करण्याची किंमत येथे प्रथमच चूक ठेवणाऱ्याच्या खात्यावर पडते.

म्हणून एखादी सहकारी बँक, रुग्णालय किंवा नगरपालिका निर्णयासाठी यंत्र घेऊ लागली, तर त्याची अचूकता शेकडा किती, हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याच बैठकीत असेही विचारावे की यंत्राचा निष्कर्ष अमान्य असणाऱ्याची कैफियत कोण ऐकणार, यंत्राचे म्हणणे फिरविण्याचा अधिकार त्याला असणार की नाही, आणि चुकीचा भुर्दंड कोणी सोसायचा. कैफियत ऐकायला माणूस लागतो आणि वेळ लागतो, अशी तक्रार यावर होईल. ती खरी आहे. पण ८ मिनिटांचे काम जे यंत्र दीड सेकंदात उरकते, त्याने वाचविलेल्या वेळातली चार मिनिटे या कामासाठी अंदाजपत्रकात राखून ठेवायला कोणत्याही संस्थेला अवघड जाऊ नये. आणि ज्या संस्थेला तेवढेही परवडत नाही, तिला ते यंत्रही परवडत नाही, असेच म्हटले पाहिजे.