पौषातला एक दिवस, मट्टनचेरीत

पहाटे ५.२०

पौषात लग्नं नसतात, म्हणून जानेवारीत आमच्या स्टुडिओला जरा उसंत मिळते. एरवी वर्षभर आम्ही दोघं मिरजेच्या पंचक्रोशीतली लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं करत असतो. हे स्टेज सांभाळतात, मी मांडवभर हिंडून कँडिड काढते. पौषातले दोन-तीन दिवस मात्र गिऱ्हाईक नाही, अल्बम नाही, ड्रोन तर नाहीच. आपल्याला हवे ते फोटो काढायचे. यंदा कोची ठरलं. मिरजेला गाडीत बसलं की थेट एर्नाकुलमला उतरायचं, हेही एक कारण.

दोघांत भांडण नको म्हणून लेन्स वाटून घेतल्यात. ८५ एमएम यांच्याकडे, ३५ माझ्याकडे. दुसऱ्याने एक फ्रेम घेतली की तीच आपण घ्यायची नाही. हा नियम मी केला आणि तो मीच मोडते.

५.४५

समुद्राकाठी पोचलो, कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर नुसतं दूध. रात्रभर खोलीत एसी चालू, कॅमेरे टेबलावर उघडे, आणि बाहेर कोचीची दमट हवा. पुढची काच धुक्याने भरून गेली. पुसली की पुन्हा येते.

"अहो, एसी बंद करून झोपा म्हटलं होतं."

"बॅगेत ठेवायला कोण विसरलं?"

असल्या वेळी पुसत बसायचं नसतं, काच बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत थांबायचं. एसी हॉलमधून वरात काढायला बाहेर पडताना हे आम्ही शंभरदा केलंय. तरी आज पंधरा मिनिटं गेली, आणि ती नेमकी निळ्या उजेडातली. टपरीवर चाया घेतला. चहाला इथे चाया म्हणतात, आणि चहावाला तो हातभर उंचावरून ओतून फेसाळतो.

६.३०

चिनी जाळी. इथे 'चीनवला' म्हणतात. फोर्ट कोचीची सगळी पोस्टकार्डं यांच्यावरच निघालेली, त्यामुळे मी जरा नाक मुरडतच गेले होते. पण पोस्टकार्डात न येणारी गोष्ट म्हणजे त्यांची चाल. सागवानी वाशांचा एक प्रचंड हात, त्याच्या पुढच्या टोकाला पसरलेलं जाळं, मागच्या बाजूला दोरांना टांगलेले दगड. एक माणूस मधल्या वाशावरून पाण्याकडे चालत जातो, आणि त्याच्या एकट्याच्या वजनाने सगळा सांगाडा वाकून जाळं पाण्यात बसतं. काही मिनिटांनी चार-पाच जण मागचे दोर ओढतात. दगड एकेक करून जमिनीला टेकतात आणि जाळं वर येतं. आजीचा तराजू, फक्त घराएवढा.

वर आलेल्या जाळ्यात जलपर्णी, एक चप्पल, आणि तळाशी ओंजळभर चंदेरी मासळी. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली असं सर्रास सांगतात. काही जणांच्या मते ती पोर्तुगिजांबरोबर मकाऊहून आली, कारण जाळ्यांच्या भागांची नावं पोर्तुगीज आहेत. एका कोळीदादाने यांना दोर ओढायला बोलावलं, यांनी हौसेने ओढला, आणि मग त्याने हात पुढे केला. हे शंभर रुपये देऊन आले. मी हसले नाही. रोज शे-दोनशे कॅमेरे अंगावर घेत काम करायचं, त्याचे शंभर काही जास्त नव्हेत. आम्ही तर लग्नात नुसत्या रीलचे वेगळे लावतो.

८.४५

अप्पम आणि अंड्याचं कोर्मासारखं काहीतरी खाल्लं. वाटेत सेंट फ्रान्सिस चर्च उरकलं. उरकलं म्हणते, कारण आत एका दगडाभोवती कठडा आहे आणि सगळे त्याच दगडाचा फोटो घेत होते. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला, त्याला इथे पुरलं होतं. १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या कबरीवर मी तीन क्लिक खर्च केले, दोन जागीच पुसले.

९.१५

वेळी भागातला धोबीखाना. इथे मी सकाळभर राहिले असते.

कपडे धुणारे हे वण्णान समाजाचे लोक, घरात तमिळ बोलणारे. डच सैन्याचे कपडे धुवायला आमच्या पूर्वजांना आणलं, असं इथे सांगतात. एका अंगाला सिमेंटचे कप्पे, प्रत्येकात पाण्याचा हौद आणि दगड. मागे मोकळं मैदान, त्यावर दोरच दोर, आणि त्यांवर हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे हिरवे गाऊन, शाळेचे गणवेश, पांढरी मुंडू. खळीचा वास येत होता, आमच्या लहानपणी आजोबांच्या धोतरांना यायचा तोच.

दोरावर एकही चिमटा नाही. बराच वेळ माझ्या ते लक्षातच आलं नाही. दोर दुहेरी, एकमेकांवर पिळलेला. बाई चादरीचं टोक दोन बोटांत धरते, दुसऱ्या हाताने पीळ किंचित उघडते, टोक आत सारते आणि सोडून देते. पीळच ते धरून ठेवतो. वारा सुटला की सगळी रांग फुगते, पण एक टोक निसटत नाही. काढताना नुसता हिसका, आणि चादर खांद्यावर. माझ्या बाल्कनीत प्लास्टिकचे चिमटे दर उन्हाळ्यात तडकतात, ते आठवले.

आत एक म्हातारे कोळशाची इस्त्री फिरवत होते. खिडकीतून उजेड असा पडला होता की स्टुडिओत तीन सॉफ्टबॉक्स लावून आला नसता. हे नुसते बघत राहिले. मग हॉटेलातल्या पोराकडून शिकलेलं वाक्य धीर करून म्हणाले, "फोटो एडुत्तोट्टे?"

म्हाताऱ्यांनी मान वर केली नाही. "वेंडाम."

नको. संपलं. लग्नात आम्हाला नाही म्हणणारं कोणी नसतं. उलट हनुवटी धरून मान वळवतो आपण. "वरमाई, इकडं बघा, जरा हसा." वीस वर्षं लोकांना हसायला सांगितल्यावर हे 'वेंडाम' यांना भलतंच लागलं. त्यांनी कॅमेरा पाठीमागे घेतला आणि तिथेच उभे राहिले. पाच-सात मिनिटांनी म्हाताऱ्यांनी इस्त्री उलटी ठेवली, फुंकर मारून राख उडवली, आणि आपल्या हातांकडे बोट दाखवलं. चेहरा नाही, हात घ्या. यांनी एकच घेतला. मी शेजारी उभी असून घेतला नाही, हा माझा त्या दिवसातला मोठा संयम.

१०.३०

ज्यू टाऊन. परदेशी सिनेगॉग १५६८ चं, आणि त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ १७६० चं. एका बाजूला हिब्रू आकडे, दुसऱ्या बाजूला रोमन. बाहेरून त्याचे फोटो झाले. आत जायच्या आधी चपला काढायच्या आणि, त्या दिवशी तरी, कॅमेरेही बाहेर ठेवायचे.

रिकाम्या हाताने आत गेलो. पायाखाली चीनहून आणलेल्या पांढऱ्या-निळ्या फरश्या, हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. कॅमेरा असता तर मी खाली वाकून एकीची चौकट बसवली असती. नव्हता, म्हणून चालत राहिले. तळव्यांना गार लागत होतं. १९४८ नंतर इथले बहुतेक ज्यू इस्राएलला गेले, आता या गल्लीत जवळजवळ कोणीच उरलं नाही. आमच्या अलिबागकडच्या बेने इस्रायलींना, म्हणजे शनवार तेल्यांना, धर्म शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीहून शिक्षक येत, हे मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग शनवार तेल्यांचे गुरू इथले म्हण की."

शेजारचा डच पॅलेस मुळात पोर्तुगिजांनी बांधून कोचीनच्या राजाला दिलेला. डचांनी डागडुजी केली आणि नाव खाऊन गेले. शयनगृहाच्या भिंतींवर रामायण. पुन्हा कॅमेरा नाही.

११.४०

चेरलायला तिरुमल देवस्वम. गोव्यातून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने निघालेल्या गौड सारस्वतांचं देऊळ. कॅमेरा नाही, आणि पुरुषांनी शर्टही काढायचा. मुंजीत सोवळ्यातल्या बापांना "काका, उपरणं नीट घ्या" म्हणणारे आमचे हे, बेंबीपर्यंत उघडे, दोन्ही हात पोटावर धरून रांगेत उभे. हा फोटो हुकला याचं मला आजही दुःख आहे.

बाहेर एक बाई गोणपाटावर उडदाचे पापड वाळत घालत होत्या. मी रेंगाळले तशी त्यांनी विचारलं, "जेवण जाल्लें वे?"

मला क्षणभर कळलंच नाही की मला कळलंय. पहाटेपासून कानावर नुसती मल्याळम, आणि एकाएकी मालवणच्या आत्याने हाक मारावी तसं. "नाही अजून," मी मराठीत म्हटलं. त्यांनाही कळलं. आठ-दहा वाक्यं आम्ही अशीच बोललो, त्या त्यांच्यात, मी माझ्यात. मध्येच गाडी रुतली की दोघी हसायचो.

बाईंच्या या कोकणीचा एक जुना पुरावा आहे. हॉर्टस मलबारिकस नावाचा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ डचांनी १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला. त्याच्यासाठी माहिती देणाऱ्या रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी १६७५ साली इथे कोचीत दाखला लिहून दिला, तो कोकणीत आणि नागरी अक्षरांत. तो पुस्तकात जसाच्या तसा उमटवला आहे. माझ्या स्टुडिओच्या पाटीवरची लिपी तेव्हाच ॲमस्टरडॅमला जाऊन आली होती, हे कळल्यावर मला उगाचच मोठं वाटलं.

पापडांचा फोटो घेतला. बाईंनी आधी चुरगळलेले चार बाजूला काढले.

१.००

मासळीचं जेवण, लाल तांदळाचा भात. झोप.

३.३०

बाजार रोड. मिरी आणि सुंठीची गोदामं, ट्रक, डोक्यावर पोती वाहणारे हमाल. धुळीने नाक हुळहुळतं आणि फोटोत मात्र ती धूळ सोन्यासारखी दिसते. इथे दोघांनीही भरपूर काढले, आणि घरी येऊन बघितलं तर सगळे इतरांनी काढलेल्यांसारखेच होते.

आतल्या गल्लीत एका दहा फुटी दुकानापाशी हे थबकले. भिंतीला रेणावीच्या रेवणसिद्धाची तसबीर, खाली विट्याच्या एका दुकानाचं मराठी कॅलेंडर. आत चाळिशीचा माणूस चिमट्याने मूस धरून भट्टीत ठेवत होता. गलाईवाला! खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून उठून ही माणसं सोन्याच्या धंद्यात देशभर पसरली. जुने दागिने वितळवायचे, टंच काढायचा, शुद्ध करून द्यायचं. आमच्याकडे विट्याच्या लग्नांत निम्मा मांडव तमिळनाडू-केरळातून आलेला असतो, हे आम्ही दरसाल बघतो. पण ते जिथून येतात ती जागा पहिल्यांदा बघितली.

"कुठलं गाव म्हणायचं, दादा?" यांनी विचारलं.

माणूस वळला. आधी कॅमेरे बघितले, मग आम्हाला. "तुमी कुठलं?"

"मिरज."

"मग या की आत. च्या घेणार न्हवं?"

आजोबा आले, वडील इथेच वाढले, हा इथेच जन्मला. समोरच्या सोनाराशी मल्याळम, शेजारच्या गुजराती व्यापाऱ्याशी हिंदी, बायकोशी माणदेशी. एक मुलगी, एक धाकटा मुलगा. मुलगी सातवीत, मराठी बोलते पण वाचायला येत नाही. यात्रेला गावाकडे जातात. यांनी हळूच विचारलं, फोटो काढू का. दिवसभर मार खाल्लेला आवाज होता तो.

"भट्टीचा नगा काढू," तो म्हणाला. जरा थांबून, "आमचा काढा. सगळ्यांचा. आई गावाकडं हाय, तिला पाठवतो."

५.१०

त्यांच्या घरात, माडीवर. मुलीने वेणी पुन्हा घातली. वहिनींनी इरकल काढली, मग "नगं, ही जुनी वाटती" म्हणून इथली कसवू साडी नेसल्या, मग सासूबाईंना आवडणार नाही म्हणून पुन्हा इरकल. सूर्य कलत होता. चिनी जाळ्यांवरचा सूर्यास्त, ज्याच्यासाठी हे आठवडाभर ॲपवर वेळा बघत होते, तो तिकडे चालला होता. हे घड्याळाकडे बघतही नव्हते. पलंगावरची चादर काढून खिडकीला लावली, उजेड मऊ झाला. कपाट सरकवलं. मी मागच्या दोरीवरचे टॉवेल काढले.

"दादा, खांदे सोडा. वहिनी, जरा पुढं. हनुवटी खाली, बाळा, खाली... बास. इकडं बघा. हसा."

सकाळपासून यांचा आवाज असा मोकळा लागला नव्हता. अकरा फ्रेम काढल्या. आठवीत चौघांचे डोळे उघडे होते, धाकट्याचे सुद्धा.

पैसे विचारले त्यांनी. हे म्हणाले, सहा वाजायला आले, रो-रो कुठून सुटते तेवढं सांगा. सूर्यास्त पलीकडच्या वायपीनला जाणाऱ्या त्या बोटीतून, पुलासारख्या त्या पाटावर दोन रिक्षांच्या मधून बघितला. कॅमेरा कोणीच काढला नाही, बॅटऱ्याही गेल्या होत्या.

रात्री ९.४५

एसी बंद. कार्डं लॅपटॉपवर, तिथून दोन हार्ड डिस्कवर. ही सवय एका लग्नाचे फेरे गमावल्यापासूनची आहे, ते पुन्हा कधीतरी. दिवसभरात यांचे २८६, माझे ४१२. इस्त्रीवरच्या हातांचा फोटो मोठा करून बघितला. नखांत निळीची रेघ. फोकस थोडा पुढे, मनगटावर गेला होता. हे काही बोलले नाहीत, मीही नाही.

घरच्या चौघांचा फोटो हलकासा उजळून गलाईवाल्यांना पाठवला. दोन निळ्या खुणा. पाच मिनिटांनी उत्तर: आईला लय आवडला, ती रडाय लागली. वाचून हे खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मग दुसरा मेसेज.

"ताई, त्यातलाच माझा एकट्याचा पासपोर्ट साईज करून देता का? मागचं पांढरं पायजे. बँकेत लागतोय."

मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि दादांना त्यांच्या कुटुंबातून अलगद कापून काढलं. कानाशी वहिनींच्या इरकलीचा जरासा काठ राहिला होता, तो पुसायला वीस मिनिटं लागली.