पांढरी काठी शिकताना

पांढरी काठी हातात आली की अंध माणसाला आपोआप चालता येतं, असा बहुतेक डोळसांचा समज असतो. पण ही काठी टेकायची नसतेच. भार दिला तर ॲल्युमिनियमची नळी वाकेल. चार तुकडे, आतून ओवलेलं इलॅस्टिक, रबराची मूठ, टोकाला नायलॉनची टोपी आणि खाली लाल पट्टा, एवढाच तिचा सरंजाम. घडी केली की शबनम पिशवीत मावते. पाऊल पडण्याआधी पुढची जमीन कशी आहे ते तळहाताला कळवायचं, हे तिचं काम.

ते तिला नेमून दिलं रिचर्ड हूव्हर यांनी. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेले अमेरिकन सैनिक पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात येत होते. हूव्हर तिथे सार्जंट होते. त्याआधी मेरीलँडच्या अंधशाळेत शिक्षक. पांढरा रंग आधीच आला होता. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांची दृष्टी अपघातात गेली, तेव्हा वाहनचालकांना दिसावी म्हणून १९२१ साली त्यांनी आपली काठी रंगवली, असं सांगतात. पण काठी आखूडच होती, आधाराची. १९४४च्या सुमारास हूव्हर यांनी ती लांब आणि हलकी केली, छातीच्या हाडापर्यंत पोचेल एवढी, आणि ती फिरवण्याची रीत बसवली. आजही जगभर मुळात तीच शिकवतात.

मूठ बेंबीसमोर, तर्जनी काठीवर सरळ. टोक डावी-उजवीकडे फिरतं, खांद्यांच्या रुंदीपेक्षा जेमतेम दोन बोटं जास्त. डावा पाय पुढे जातो तेव्हा टोक उजवीकडे टेकतं, उजवा जातो तेव्हा डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा आधीच तपासून झालेली असते. हा उलटा ताल अंगवळणी पडायला वेळ लागतो. घाई झाली की काठी आणि पाय एकाच बाजूला जातात आणि नेमका न तपासलेला तुकडा पायाखाली येतो. जिना चढताना पकड बदलते. काठी उभी, पेनासारखी धरायची आणि पुढच्या पायरीच्या कडेवर टकटक करत चढायचं. टोक कशालाच लागलं नाही की पायऱ्या संपल्या.

बाकीचं कान आणि नाक सांगतं. भिंतीलगत चालताना पावलांचा आवाज परत येतो. बोळाचं तोंड आलं की तो तुटतो, गालाला वारा लागतो. भज्यांच्या गाडीचा वास येतो, पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू येते. गाडी उद्या दुसरीकडे लागेल, गिरणी जागची हलणार नाही. म्हणून कोणत्या खुणेवर भरवसा ठेवायचा, हेही मोबिलिटीचे शिक्षक शिकवतात.

कमरेच्या वरचं मात्र काठीला कळत नाही: खाली आलेली फांदी, टेम्पोचं उघडं फाळकं. त्यासाठी दिल्लीच्या आयआयटीने ध्वनिलहरींवर चालणारी ‘स्मार्टकेन’ तयार केली. २०१४ साली ती बाजारात आली. अडथळा जवळ आला की मूठ थरथरते.

शहरानेही साथ द्यायला हवी. जपानच्या सेइइची मियाके यांनी शोधलेली उंचवट्यांची फरशी १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसली. लांब रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. मुंबईच्या लोकल स्थानकांवर दिव्यांगांचा डबा कुठे थांबेल ते बीप-बीप आवाजावरून कळतं. ही सोय फार मोलाची. फूटपाथवरची पिवळी फरशी मात्र कित्येकदा थेट झाडात किंवा विजेच्या खांबात घुसते.

त्याहून मोठं दुखणं शिकवण्याचं आहे. शिबिरात काठ्या वाटल्या जातात, फोटो निघतात आणि काठी घरच्या कोपऱ्यात पडून राहते, कारण शिकवणारं कुणी भेटत नाही. काठी स्वस्त आहे. महाग आहे तो शिक्षकाचा वेळ: रोज एकाच माणसामागे, त्याच्याच गल्लीत, त्याच्याच बसस्टॉपपर्यंत चालण्याचा. देणगीदारांनी पैसा तिथे घालावा, असं मला मनापासून वाटतं.

शिकवणी घरच्यांचीही व्हावी लागते. दृष्टी गेलेल्या माणसाला पाण्याचा पेलाही कुणी स्वतः घेऊ देत नाही. त्यात माया असते, पण माणूस खुर्चीला खिळतो. तांब्याभांडं, खुर्ची, चपला जिथल्या तिथे ठेवा. रस्त्यात त्यांचा दंड धरून ओढू नका; आपलं कोपर त्यांच्या हाती द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. आणि दार एकतर पूर्ण उघडं ठेवा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड काठीला चुकते आणि कपाळावर बसते.