फर्दापूरच्या केंद्राला कुलूप का लागले? इमारत 'जागेची' होते म्हणजे नेमके काय?

भडगावहून पाचोरामार्गे अजिंठ्याला निघालेली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबते. लेणी तिथून सुमारे ४ किलोमीटर. पुढचा प्रवास बसने. याच टी-पॉइंटवर जपानच्या कर्जसाहाय्यातून भव्य पर्यटक केंद्र उभे राहिले आणि २०१३ मध्ये खुले झाले. आत १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती. काही वर्षांतच पाण्याची आणि विजेची बिले थकली, पुरवठा तुटला आणि केंद्र बंद पडले.

कल्पना चुकीची होती का? अजिबात नाही. गर्दीच्या श्वासातला दमटपणा चित्रांना मारक ठरतो. म्हणूनच फ्रान्समध्ये लास्कोच्या गुहेची प्रतिकृती १९८३ मध्ये खुली झाली. योगायोग असा, की अजिंठा त्याच वर्षी जागतिक वारसा यादीत आला.

अडचण वेगळी आहे. मूळ लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, बसाल्टच्या कड्यात कोरलेली आहेत. उजेड दारातून येतो, जाड खडकामुळे आत गारवा राहतो, पाण्यासाठी नदीपर्यंत पायऱ्या होत्या. बंद दालनातल्या प्रतिकृतीला हे सगळे विजेने आणि पंपाने पुरवावे लागते. बिल थकणे हा प्रशासनाचा दोष खराच. पण बिल थकताच अंधारात जाणारी वास्तू ही रचनेचीही बाब आहे.

साबरमतीचे उत्तर

चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादला साबरमती आश्रमात गांधी स्मारक संग्रहालय उभारले ते १९६३ मध्ये. ६ बाय ६ मीटरचे चौक, विटांचे खांब, कौलारू छप्पर. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. मधल्या अंगणात पाणी. आश्रमातल्या साध्या घरांच्या शेजारी ते परके वाटत नाही आणि मोठे करायचे झाले तर आणखी चौक जोडता येतात.

आपल्या जिल्ह्यात जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ मध्ये गांधी तीर्थ खुले झाले. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. टेकडी, झाडी आणि वास्तू यांचा मेळ तिथे चांगला जमला आहे. दगड मात्र जोधपूरचा. खान्देशचा काळा पाषाण नव्हे.

भडगावात बांधायचे तर?

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. धाब्याच्या घरांची जाड मातीची भिंत दुपारची उष्णता आत पोहोचायला कित्येक तास लावते. काचेची दर्शनी भिंत असले काही करत नाही, उलट एसीचा भार वाढवते. तरीही नव्या सरकारी इमारतींना काच हवीच असते!

दुसरा प्रश्न पायाखालचा. गिरणाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. उथळ पायावरच्या भिंतींना त्यामुळेच तडे जातात. यावर उपाय दोन : मुरूम लागेपर्यंत खोदणे किंवा तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल. दोन्हींचा खर्च जमिनीत गाडला जातो, उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही.

आणि पाणी. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले होते. संग्रहालयात जुनी कागदपत्रे ठेवायची असतील, तर ती तळमजल्यावर ठेवायची की वर, हे नकाशा काढण्याआधी पुराची जुनी खूण पाहून ठरवावे लागेल.